डिकीवरून उतरलेले तीन आकडे

डॉक्टरांनी त्या संध्याकाळी गाडी कट्ट्यासमोर उभी केली, तेव्हा तिच्यात काहीतरी बदलले आहे एवढे आम्हा सगळ्यांना जाणवले. पण नेमके काय, ते वकीलसाहेबांच्या नजरेने आधी टिपले. मर्सिडीजच्या त्या ई-क्लासच्या डिकीवर मधोमध असलेला तारा जागच्या जागी होता, मात्र त्याच्या डाव्या अंगाला असणारी ‘ई ३५० डी’ ही चकचकीत अक्षरे नाहीशी झाली होती. ती कोणी चोरली का, असे वकीलसाहेबांनी काळजीने विचारले. आपण ती स्वतःच काढल्याचे डॉक्टरांनी सांगितले आणि घटकाभर बसायला जमलेल्या आम्हा पाच जणांत असा वाद सुरू झाला की दिवे लागले तरी कोणी उठेना.

वकीलसाहेबांचा आक्षेप स्पष्ट होता. ते म्हणाले, “डॉक्टर, गाडीवरचा बॅज कोण काढतो, हे मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. ज्याच्याकडे त्या मालिकेतली सर्वांत खालची गाडी असते, तो काढतो, म्हणजे बघणाऱ्याने तिला वरची समजावे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमची गाडी खालची नाही, हे मला ठाऊक आहे. पण मग तुम्ही या मंडळींच्या रांगेत जाऊन का उभे राहिलात?”

डॉक्टरांनी उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला. लांबच्या प्रवासात पाठ दुखू नये आणि रात्री-अपरात्री निघावे लागले तरी गाडीने दगा देऊ नये, यासाठी त्यांनी ती घेतली होती, आणि त्याबद्दल त्यांना कसलाही संकोच नव्हता. संकोच होता तो त्या आकड्यांचा. रुग्णाच्या नातेवाइकाची नजर आधी डिकीवर जाते आणि मग आपल्या चेहऱ्यावर येते, तोवर त्याने आपल्याविषयी काहीतरी ठरवून टाकलेले असते, हे त्यांना वारंवार जाणवले होते. “सिग्नलला माझ्या मागे थांबलेल्या माणसाने माझ्या गाडीचा दिवा पाहावा, नंबर पाहावा, माझी ऐपत त्याने का वाचावी?” असे ते म्हणाले.

“मग तारा तरी कशाला ठेवलात? अर्धा संन्यास घेऊन काय उपयोग?” वकीलसाहेबांनी लगेच विचारले.

मला वाटले, आता डॉक्टर अडकले. पण त्यांनी दिलेले उत्तर माझ्या मनात अजून घर करून आहे. तारा म्हणजे ज्याने गाडी घडवली त्याची सही, असे ते म्हणाले. सुताराने पलंगाच्या खालच्या फळीवर आपली खूण कोरावी, तशी. ती पुसण्याचा अधिकार आपल्याला वाटत नाही. आकडे मात्र निर्मात्याविषयी काही सांगत नाहीत. ते मालकाने कोणत्या पायरीपर्यंत पैसे मोजले एवढेच सांगतात. सही ठेवली आणि पायरी पुसली, यात अर्धवट काही नाही.

यावर वकीलसाहेबांनी पवित्रा बदलला. आकडा ही पायरी नसून माहिती आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. गाडीत किती मोठे इंजिन आहे, ते पेट्रोलवर चालते की डिझेलवर, हे पाहणाऱ्याला कळते. आणि माहिती पुसणे हे त्यांच्या मते कधीच चांगले लक्षण नसते. इथे मला राहवले नाही, कारण हा विषय माझ्या आवडीचा आहे आणि या एका मुद्द्यावर वकीलसाहेब पन्नास वर्षे मागे होते.

एके काळी आकडे खरोखरच माहिती देत असत. बीएमडब्ल्यूने १९७२ मध्ये ५-सीरीज आणली, तेव्हा ५२० याचा अर्थ पाचवी मालिका आणि २ लिटरचे इंजिन इतका साधा होता. मर्सिडीजची ३०० ई म्हणजे ३ लिटरचे, इंधन इंजेक्शनचे इंजिन. त्या ‘ई’चा आजच्या ई-क्लासशी संबंध १९९३ मध्ये जोडला गेला, जेव्हा कंपनीने अक्षर आकड्यांच्या आधी आणून त्याला मालिकेचे नाव केले. पण हा सरळपणा टिकला नाही. १९८० च्या दशकातल्या बीएमडब्ल्यू ३२५ई मध्ये २.५ नव्हे तर २.७ लिटरचे इंजिन होते, आणि पुढच्या पिढीतल्या ३२३आय मध्ये २.५ लिटरचे. इंजिनात जादा हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर सर्वत्र आल्यावर तर लिटर आणि ताकद यांची फारकतच झाली. २०१२ च्या सुमाराची ३२०आय आणि ३२८आय शेजारी उभ्या करून बोनेट उघडले, तर दोन्हींत २ लिटरचे एकाच घराण्यातले इंजिन सापडते. एकातून १८४ अश्वशक्ती काढली आहे आणि दुसऱ्यातून २४५. २८ चा तो आकडा इंजिनाचा आकार सांगतच नाही.

सर्वांत बोलके उदाहरण मर्सिडीजच्या ‘६३’ चे आहे. १९६८ च्या ३०० एसईएल ६.३ या गाडीत खरोखरच ६.३ लिटरचे इंजिन होते. चाळीसएक वर्षांनी तिच्या आठवणीखातर मर्सिडीजच्या एएमजी या ताकदवान गाड्यांवर ६३ हा आकडा आला, तेव्हा आतले इंजिन ६.२ लिटरचे होते. सी ६३ च्या पुढच्या पिढीत ते ४ लिटरवर आले. त्यानंतरच्या पिढीत तर चार सिलिंडरचे २ लिटरचे इंजिन आणि त्याच्या जोडीला विद्युत मोटर आहे. गाडी ताकदीने कुठेही कमी पडत नाही, उलट आधीच्यांहून वरचढ आहे; पण डिकीवरचा ६३ आता कशाचेही माप राहिलेला नाही. डॉक्टरांच्या ३५० मागेही साडेतीन नव्हे, सुमारे ३ लिटरचेच इंजिन आहे. ऑडीने २०१७ मध्ये लिटरचा आधार सोडून शक्तीचे पट्टे ठरवले, म्हणजे १२५ ते १५० किलोवॉटच्या गाडीला ४० आणि २४५ ते २७५ किलोवॉटच्या गाडीला ५५. हे त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे, असे मला वाटते; पण तो ४० चा आकडा किलोवॉटचाही नाही आणि अश्वशक्तीचाही नाही, आणि ज्याला तक्ता पाठ नाही त्याला त्यातून एवढेच कळते की ५५ वाला ४० वाल्याच्या वर आहे.

“म्हणजे शेवटी पायरीच,” डॉक्टर शांतपणे म्हणाले.

वकीलसाहेबांनी मान्य केले की आकडा आता फक्त क्रम सांगतो. पण हार मानणे त्यांच्या स्वभावात नाही. क्रम सांगणारी का होईना, ती खूण आहे. आणि खूण काढणारा माणूस व खोटी खूण लावणारा माणूस यांच्यात फार अंतर नसते, असे ते म्हणाले. साध्या सी-क्लासवर एएमजीची अक्षरे चिकटवून फिरणारे आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

इथे मला माझी गोष्ट सांगावी लागली, जी मी कट्ट्यावर कधी काढली नव्हती. काही वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी विकत घेतली. मागे वरच्या व्हेरियंटचा बॅज होता, आतले सीटही तसेच वाटत होते, विकणाऱ्याने तोंडाने फारसे काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पहिल्याच सर्व्हिसिंगला मेकॅनिकने पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून दिसणारा सतरा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक टाकून भाग मागवायला घेतले, तेव्हा कळले की गाडी दोन पायऱ्या खालची आहे. बॅज नंतर चिकटवलेला होता. पैशांचे दुःख काही महिन्यांत ओसरले. आपण पत्र्यावरची अक्षरे वाचली आणि कागद वाचले नाहीत, याची खंत मात्र गेली नाही. त्यामुळे आजवर या वादात मी वकीलसाहेबांच्या बाजूचा होतो: जे जसे आहे तसे लिहिलेले असावे, आणि त्याला कोणी हात लावू नये.

पण बोलता बोलताच माझ्या ध्यानात आले की मला फसवले होते ते लिहिलेल्या अक्षरांनी, कोऱ्या पत्र्याने नव्हे. डिकी कोरी असती तर मी विचारले असते. कोरा पत्रा पाहणाऱ्याला प्रश्न विचारायला लावतो; खोटा बॅज प्रश्न उठूच देत नाही. न बोलणारा आणि खोटे बोलणारा यांना एका मापाने मोजणे मला त्या क्षणी अन्यायाचे वाटले, आणि मी तसे बोलून दाखवले.

“न बोलणेही खोटे ठरते, जेव्हा बोलणे हे कर्तव्य असते तेव्हा,” वकीलसाहेब म्हणाले. आणि हे त्यांचे म्हणणे मला त्या संध्याकाळचे सर्वांत वजनदार वाक्य वाटले. त्यांनी अट घातली: डॉक्टरांनी गाडी खुशाल कोरी वापरावी, पण विकायला काढतील त्या दिवशी काढलेली अक्षरे आणि खरी माहिती न विचारता घेणाऱ्याच्या हाती द्यावी. डॉक्टरांनी काही न बोलता गाडीतून एक छोटी डबी आणून दाखवली. तिच्यात तिन्ही आकडे आणि दोन्ही अक्षरे कापसात ठेवलेली होती.

आतापर्यंत ताई गप्प होत्या. अग्निशमन दलात त्यांची बरीच वर्षे गेली आहेत. ऐपत, पायरी, सही यांतल्या कशाचेही त्यांना सोयरसुतक नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, “डॉक्टर, गाडी निव्वळ डिझेलची आहे ना? हायब्रिड नाही ना?” नाही म्हटल्यावर त्यांनी कारण सांगितले. अपघातात चेपलेल्या गाडीचा दरवाजा कापण्याआधी त्यांना जाणून घ्यायचे असते की आत उच्च दाबाची बॅटरी आहे का, आणि तिच्या नारिंगी तारा कुठून गेल्या आहेत. यासाठी बचावपत्रिका असतात आणि त्यांच्या मांडणीचे आयएसओ १७८४० हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. मर्सिडीजने तर २०१३ पासून इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आणि पलीकडच्या दरवाजाच्या खांबावर क्यूआर कोड चिकटवायला सुरुवात केली, म्हणजे तो वाचून पत्रिका थेट हातात यावी. “पण धूर असतो, अंधार असतो, गाडी कधी त्या झाकणाच्याच कुशीवर पडलेली असते,” ताई म्हणाल्या. “अशा वेळी मागच्या बाजूवरची विजेची खूण पहिली दिसते. हायब्रिडवरून आणि विजेच्या गाडीवरून ती काढू नका, एवढेच माझे मागणे आहे. बाकी तुमचे आकडे तुम्ही ठेवा नाहीतर फेका.” यावर दुसरी बाजू मांडायला कोणी पुढे आले नाही, आणि येऊही नये.

तात्यांचा पिंड वेगळा. तीस वर्षे त्यांनी डेंटिंग-पेंटिंगचे काम केले आहे, आम्हा सगळ्यांना ते ‘तू’ म्हणतात, आणि वाद चालू असताना त्यांची नजर डिकीवरून हललेली नव्हती. “काढलीस ती कशाने?” त्यांनी डॉक्टरांना विचारले. प्लॅस्टिकच्या पट्टीने, असे उत्तर मिळताच त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

मग त्यांनी जे सांगितले, ते ज्याला हे काम करायचे आहे त्याने मन लावून ऐकण्यासारखे आहे. अक्षरांना हात लावण्यापूर्वी डिकी धुवावी, कारण धुळीचा एक कण अक्षर काढायच्या दोऱ्याखाली आला तरी तो रंगावर रेघ ओढतो. मग हेअर ड्रायर फिरता ठेवून अक्षर हाताला सोसवेल इतके गरम करावे; एका जागी धरू नये, आणि रंग उडवायची गरम हवेची बंदूक तर जवळसुद्धा आणू नये. चिकटपट्टीचा फोम मऊ झाला की मासेमारीचा नायलॉनचा दोरा अक्षरामागे घालून करवतीसारखा मागेपुढे ओढावा. पट्टी, स्क्रू-ड्रायव्हर किंवा सुरीचे पाते यांतले काहीही घालू नये, कारण रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ असतो, आणि तो एकदा फाटला की त्या जागेचा इलाज पॉलिशने होत नाही. उरलेला गोंद अंगठ्याने वळकट्या करत काढावा, शेवटचा थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. डिकी पूर्वी कधी पुन्हा रंगवलेली असेल तर मात्र थांबावे, कारण कच्चा रंग पट्टीबरोबर सोलून येतो. जुन्या गाड्यांत तर बॅज पिनांवर बसवलेले असत. तिथे अक्षर काढले की भोके उरतात आणि पूर्ण पत्रा रंगवावा लागतो.

“आणि नवीन गाडी घेताना मागणी नोंदवतानाच सांगायचे असते,” तात्या म्हणाले, “म्हणजे हा खटाटोपच नको.” ते खरे आहे. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू या दोघांच्याही यादीत मॉडेलचे नाव न लावण्याचा पर्याय असतो. मर्सिडीजमध्ये त्याचा संकेतांक २६० आहे आणि बीएमडब्ल्यूमध्ये ३२०. कारखान्यातून निघणारी कोरी गाडी ही काही लपवाछपवी समजली जात नाही, हे मी वकीलसाहेबांना मुद्दाम ऐकवले. त्यांनी मान हलवली. होकाराची की नुसती ऐकल्याची, ते कळले नाही.

तात्या उठले, डिकीपाशी गेले आणि मोबाइलचा उजेड त्यांनी तिरका धरला. तेव्हा आम्हा सर्वांना ते दिसले: जिथे अक्षरे होती तिथे ‘ई ३५० डी’ ची फिकट सावली अजून वाचता येत होती. भोवतालच्या रंगाने ऊन आणि धुण्याचे बारीक ओरखडे सोसले होते, अक्षरांखालचा रंग नवा राहिला होता. डॉक्टरांचा चेहरा उतरला. तात्यांनी तळहात दोनदा त्या जागेवरून फिरवला, पट्टीचा ओरखडा नखाला लागतो का ते पाहिले, आणि लागत नाही म्हटल्यावर त्यांचा आवाज सौम्य झाला.

“रविवारी सकाळी घेऊन ये,” ते म्हणाले. “ऊन चढण्याआधी. हाताने पॉलिश करू, मशीन लावायचे नाही. आणि ती डबी कागदपत्रांबरोबर ठेव, वकिलाने सांगितले आहे तशी.”