आपण पोचला आहात

साताऱ्यात पत्ता सांगायची एक रीत आहे. ज्या खुणा सांगायच्या, त्या शक्यतो आज अस्तित्वात नसाव्यात. "चिंचेपाशी वळा," असं आम्ही सांगतो. ती चिंच माझ्या लहानपणीच वळवाच्या वाऱ्यात आडवी झाली. "गिरणीच्या समोर," म्हणतो. गिरणी बंद पडून तिथं मोबाईलचं दुकान आलं, ते बंद पडून क्लास आला, क्लासचीही लक्षणं काही ठीक नाहीत, पण गिरणी आपल्या जागेवरून हललेली नाही. ज्याला चिंच ठाऊक नाही त्यानं राजवाड्यापाशी कुणालाही विचारावं. तो माणूस पत्ता ऐकूनच घेत नसे. "कुणाच्यात जायचंय?" हा त्याचा पहिला प्रश्न, मग "कुठनं आलाय?", मग "म्हणजे थोरलीच्या सासरचे का?" एवढी उलटतपासणी झाली की पाहुण्याला वळणापर्यंत सोडायला यायचा. पाहुणा दारात पोचायच्या आधी त्याचं गाव, नोकरी आणि येण्याचं कारण अख्ख्या पेठेला कळलेलं असे. आम्हालाच काय ते उशिरा कळायचं.

आता कुणी विचारत नाही. "लोकेशन टाका," म्हणतात. मी टाकतो. आणि मग माझ्या हालांना सुरुवात होते.

हाल का होतात हे समजायला थोडा भूगोल लागेल. 1708 साली अजिंक्यताऱ्यावर शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि पुढे किल्ल्याखालच्या उतारावर शहर वसत गेलं. सोमवारपासून रविवारपर्यंत सगळ्या वारांच्या पेठा झाल्या, वार संपले म्हणून माणसांच्या नावाच्याही झाल्या. उतारावर गाव वसवायचं म्हणजे पायऱ्या पायऱ्यांनीच वसवावं लागतं. आमची गल्ली त्यातल्या वरच्या पायरीवर. आमच्या घराच्या मागं काळ्या दगडाची जुनी ताल, म्हणजे उताराची माती धरून ठेवणारी भिंत आहे, चांगली पंधरा फूट खोल, आणि तिच्या बुडाशी खालची गल्ली. कावळ्याच्या हिशेबानं ती गल्ली आमच्या स्वयंपाकघरापासून चार पावलांवर. माणसाच्या हिशेबानं चौकापर्यंत जायचं, वळसा घालायचा, आणि दम लागेल असा चढ चढून वर यायचं.

उपग्रह कावळ्याच्या बाजूचे आहेत. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यातल्या निदान चौघांचे संदेश फोनला मिळाले की कुणाला यायला किती वेळ लागला यावरून तो आपली जागा काढतो. उघड्या माळावर ती काही मीटरच्या फरकानं बरोबर येते, पण वाडे आणि भिंती आल्या की संदेश आपटून, उसळून येतात आणि हिशेब चुकतो. उंचीही काढता येते, पण ती आडव्या अंतराइतकी नेमकी येत नाही. आणि नकाशा तर सपाटच. त्याला ताल दिसत नाही. जवळचा रस्ता कुठला, एवढंच तो बघतो. जवळचा रस्ता खालचा. म्हणून आमच्याकडं येणारा प्रत्येक माणूस तालीच्या बुडाशी जाऊन उभा राहतो आणि त्याच्या फोनमधली बाई त्याला सांगते, आपण पोचला आहात.

"काका, मी पोचलोय की! बाहेर या."

"बाहेरच उभा आहे. तू दिसत नाहीस."

"न्हाई वो, मी तुमच्या घरातच उभा हाय. फोनमधी तसंच दाखवतंय."

"घरात मी आहे रे बाबा. वर बघ. वर!"

तो फोनमध्येच वर बघतो. मी तालीवरून वाकून त्याच्या डोक्याकडं बघत बोलत असतो, आणि तो माझा आवाज फोनमधनं येतोय अशा समजुतीनं "हॅलो, हॅलो" करत फोन कानाला आणखी दाबतो. शेवटी मान वर होते. त्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मला आता पाठ झालाय. आपण पोचलोय हे फोननं सांगितलंय आणि गिऱ्हाईक मात्र आकाशात आहे. वळसा घालून ये म्हणावं तर त्याच्या पाठीवर त्याच्याएवढी पार्सलांची पिशवी, आणि अजून अख्खी करंजे पेठ बाकी. माझ्यानं ते म्हणवत नाही.

या सगळ्यात मधल्या मध्ये सापडल्या त्या खालच्या काकी. त्यांचं दार बरोबर त्या जागेवर येतं जिथं जग पोचतं. आता अडचण अशी, की आमचा आणि त्यांचा अबोला होता. आमच्या मोरीचं पाणी तालीतून झिरपून त्यांच्या परड्यात येतं, अशी त्यांच्या सासऱ्यांची तक्रार. पाणी वरून खालीच येणार, असं माझ्या वडिलांचं उत्तर. शास्त्राला धरून असलं तरी शेजारधर्माला धरून नव्हतं. दोघेही गेले, वाद मात्र आम्ही वारशानं चालवत होतो. लग्नपत्रिका द्यायचो, पण शेजाऱ्याच्या हातून.

तो अबोला पार्सलांनी मोडला. काकींनी आधी एक घेतलं, मग दुसरं, मग पोरंच थेट त्यांची कडी वाजवू लागली. "अवो, तुमचा गुडघ्याचा पट्टा आलाय!" अशी हाक खालून आली तेव्हा गल्लीतल्या निदान पाच खिडक्या उघडल्या. केसांचा कलप आला तोही असाच जाहीर झाला. पूर्वी पाहुण्याची माहिती पेठेला आधी कळायची, आता माझी कळते.

त्यात ओटीपी. पार्सल काकींच्या हातात, मुलगा त्यांच्या दारात, आणि आकडे माझ्या फोनवर. मग मी तालीवर उभा राहून ओरडतो, "चार... सात... सात नाही, चार सात दोन!" त्या मेसेजच्या बुडाशी स्वच्छ लिहिलेलं असतं, हा क्रमांक कुणालाही सांगू नका.

याहून मोठा प्रसंग व्याह्यांच्या वेळी आला. मुलीचं पुण्यात ठरलं आणि व्याही पहिल्यांदाच घर बघायला येणार होते. मी फोन करून सविस्तर सांगू लागलो, "पोवई नाक्यावरनं राजपथानं वर या, मोती चौक सोडला की..." ते म्हणाले, "अहो, कशाला त्रास घेताय? लोकेशन आहे की!" पुण्याच्या माणसाला रस्ता सांगू नये. त्याला तो आपला अपमान वाटतो.

अकराला पोचणार होते. साडेअकरा झाले. पोहे दोनदा गरम केले. पावणेबाराला बायको तालीकडं गेली आणि तोंडाला पदर लावून परत आली. खाली काकींच्या ओसरीवर आमचे व्याही आणि विहीणबाई पाटावर बसून शिरा खात होते. फोननं पोचलात म्हटलं, दार उघडं होतं, समोरच्या बाईंनी हसून "या या" म्हटलं. मग न बसण्याचं काय कारण? आणि काकी तरी काय करणार? दारात आलेल्या माणसाला आधी पाणी, मग खायला, आणि मग "कुणाच्यात जायचंय?" हा क्रम त्यांनी सोडलेला नव्हता. मी चौकातून वळसा घालून धापा टाकत पोचलो तेव्हा व्याह्यांनी मला पहिला प्रश्न केला, "तुमच्याकडं सांडपाण्याचा निचरा कसा काय आहे?"

तर, बादली. कल्पना बायकोची. गच्चीवर पाणी ओढायचा जुना दोर होता, त्याला प्लॅस्टिकची निळी बादली बांधली. खालून हाक आली की बादली सोडायची, काकी पार्सल ठेवतात, आम्ही ओढून घेतो. म्हणजे वीस हजार किलोमीटरचं काम उपग्रह चोख करतात, उरलेल्या पंधरा फुटांना आमची बादली. आता तिची ख्याती एवढी झालीय की पोरं फोनसुद्धा करत नाहीत, खालून नुसतं "बादलीऽऽ" म्हणतात.

पिनकोड आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मला यासाठी थोर वाटतात. मराठी माणूस, संस्कृतचा पंडित. 15 ऑगस्ट 1972 ला सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन टपाल कार्यालयाचे. बस. तिथून पुढं त्यांनी सगळं पोस्टमनवर सोपवलं. पोस्टमनला चिंच माहीत असते.

पण मुलीचं त्यावर समाधान नाही. 2025 मध्ये टपाल खात्यानं आयआयटी हैदराबाद आणि इस्रोचं राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या साथीनं डिजिपिन आणला, तो तिनं मला काढून दिला. सगळ्या देशावर साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरी-आकडी नाव. आता चुकायचं कामच नाही, असं ती म्हणाली. मी मागच्या दारात उभा राहून आमचा चौकोन काढला, मग वळसा घालून खाली गेलो आणि काकींच्या तुळशीपाशी काढला. तोच. अक्षर अन् अक्षर तोच. दोन पिढ्यांचा तंटा ज्या मोरीवरून झाला ती मोरी आणि ज्या परड्यात पाणी झिरपतं ते परडं, सरकारदरबारी एकाच चौकोनात नांदतंय. काकींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग मोरी दुरुस्त करा की, निम्मी आमचीबी झाली."

शेवटी जावयानं मनावर घेतलं. दिवाळीला आला तेव्हा गल्लीत पुढं-मागं चालून त्यानं नकाशावरची आमची खूण उचलून वरच्या रस्त्यावर नेली, फोटो लावले, दुरुस्ती पाठवली. ती मंजूरही झाली. दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगा थेट आमच्या पुढच्या दारात आला. मी त्याला पेढा द्यायचा बाकी ठेवला होता, एवढा आनंद झाला. पार्सल घेतलं, फोडायला कात्री घेतली, आणि नाव वाचलं. काकींच्या नातवाचं. तालीच्या आसपासचं सगळंच त्या दुरुस्तीत वर सरकलं होतं की काय कोण जाणे; तेव्हापासून खालच्या गल्लीची पार्सलं आमच्याकडं येतात.

परवा नातवाचे बूट आले. मुलगा आमच्या दारात, बूट माझ्या हातात, आकडे खाली काकींच्या फोनवर. मी तालीवरून ओरडलो, "काकी, ओटीपी सांगा!"

"सांगत नसत्यात तो कुणाला," काकी म्हणाल्या. "आदी बादली सोडा."