मुक्काम पोस्ट गणेशगुडी, कल्ले वरखाली

आज चौथा दिवस, आणि माझा उजवा कल्ला डाव्यापेक्षा अर्धा इंच वर आहे तो आहेच. बायको म्हणते लांबून कळत नाही. आता ऑफिसात माझ्यासमोरचं टेबल अडीच फुटांवर आहे, त्याला काय मी रंकाळ्यावर जाऊन बस म्हणू?

झालं ते असं. दिवाळीनंतर पाच दिवस सुट्टी जुळली, चार रात्री, आम्ही दोघं आणि पोरगी, आणि यावेळी मी ठरवलं की जंगलात जायचं आणि मुक्काम एकच करायचा. बॅग एकदा उघडायची, एकदा भरायची. एवढंच. पण हे मी कोल्हापुरात ज्याला ज्याला सांगितलं त्यानं असं बघितलं की जसं काय मी मटणाचं ताट मागवून नुसता भात खाऊन उठणार आहे.

याला कारण साडू. गेल्या वर्षी त्यांच्या पॅकेजात केरळ 'केलं'. मुन्नार दोन, थेकडी एक, अलेप्पी एक. मुन्नार-थेकडी नव्वद किलोमीटर, आकडा ऐकून वाटतं की काय, सांगलीला जाऊन आल्यागत. चार तास लागले, सगळी वळणंच, पोरगी तीनदा ओकली आणि त्या तिन्ही थांब्यांवर साडूनं 'व्ह्यू पॉईंट' म्हणून फोटो काढले, त्यातल्या एकात मागं मी पोरीची पाठ चोळतोय. थेकडीला पेरियारच्या तळ्यात बोट. १८९५ साली धरण झालं तेव्हा बुडालेल्या झाडांची काळी खोडं अजून पाण्यातनं वर आलेली, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले, मला वाटलं इथंच बसावं दिवसभर, काही नको. काठाला लागतोय तोवर ड्रायव्हरचा फोन. अलेप्पीचं चेक-इन दोनला, चला. हत्ती म्हणे आम्ही गेल्यावर आला पाण्यावर.

तर यावर्षी मी कागद केला होता. आंबोली, दांडेली, आगुंबे, थट्टेकाड. थट्टेकाड पोरीनं घातलेलं, तिच्या पक्ष्यांच्या पुस्तकात आहे, सलीम अलींनी नावाजलेली जागा, सगळं अभयारण्य पंचवीस चौरस किलोमीटरचं, पण आहे पार एर्नाकुलमकडं. आगुंबेला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि नागराज, म्हणजे किंग कोब्रा, पण शिमोग्याच्याही पुढं, जाण्यायेण्यात दोन दिवस खलास. कागदावर रेघा मारून मारून उरलं आंबोली नाहीतर दांडेली. तो कागद खिशात घेऊन मी रविवारी सकाळी कटिंगला गेलो. हीच चूक. रविवारी सकाळी कोल्हापुरात मटणाला जेवढी रांग तेवढीच कटिंगला, आणि रांगेतल्या माणसाला काम काहीच नसतं.

गळ्याला कापड बांधलेलं, दोन्ही हात आत, मान पुढं दाबून धरलेली, आणि फोन वाजला. दुकानातल्या पोरानं मला न विचारता उचलला आणि स्पीकरवर टाकून आरशापुढं ठेवला. बायको म्हणते, "अहो, आंबोली का दांडेली काय ते एक ठरवा, मला रजेचा अर्ज टाकायचाय. आणि चारही रात्री एकाच जागी ना नक्की? मग मी कपडे कमी घेते."

दुकान गप्प. कात्री पण थांबली.

"चार रात्री एकाच जागी?" मागच्या बाकावरनं आवाज आला. "का ओ पावणं, कोन आजारी हाय काय?"

हे मामा. नात्यानं कुणाचेच नाहीत, दुकानाचे मामा. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर, रिटायर होऊनही खाकी शर्ट सुटलेला नाही. डोक्यावर कापण्यासारखं एक केस नाही, तरी रोज दुकानात, फुकट पेपरला. पेपरची घडी मांडीवर ठेवून ते माझ्याकडं, म्हणजे आरशातल्या माझ्याकडं बघत होते.

"आंबोलीत काय बगनार?"

"जंगल."

"ते झालं. आनि?"

"आणि काही नाही मामा. जंगलच."

"आवो, कावळेसाद हाय, म्हादेवगड हाय, हिरण्यकेशी हाय, धबधबा हाय. अकराला पोचला तर चारला मोकळं. म्होरं तीन दिवस काय खड्डा खननार तितं?"

मी मान न हलवता, कारण कात्री परत सुरू झालेली, सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं मामा, हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात एक नवीन मासा सापडलाय, २०२० साली त्याची जगात पहिल्यांदा नोंद झाली, दुसऱ्या वर्षी सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा म्हणून जाहीर केली. आंबोलीचा एक भेक आहे, म्हणजे बेडकाचाच भाऊबंद, तो त्या डोंगरपट्ट्याबाहेर सापडत नाही कुठं. असलं काही बघायला वेळ लागतो.

"मासा खात्यात?" हे केसाला काळा रंग लावून वाळत बसलेल्या एकानं विचारलं.

"बोटाएवढा आहे."

"मग काय उपेग."

विषय तिथंच संपला होता खरं तर. पण मी दांडेली काढली. मला वाटलं धनेश पक्षी सांगितला की गप्प बसतील. म्हटलं तिथं चार जातीचे धनेश आहेत, एवढी मोठी चोच, आणि विणीच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतनं दार लिंपून घेते. चोचीपुरती फट ठेवायची फक्त. तीन-तीन महिने आत. नर बाहेरनं फळं आणून त्या फटीतनं भरवतो.

"तीन म्हैने!" रंगवाला उठून बसला. "मुक्काम हाय रं ह्यो!"

मामांनी पेपर खाली ठेवला. एकदम गंभीर. "आनि न्हाई आला तर?"

"कोण?"

"नर. म्हंजे समजा कुटं अडाकला. घाटात काय झालं. मग तिनं काय करायचं?"

आता याला काय सांगणार? नराला काही झालं तर आतल्यांची उपासमार होते हे खरं आहे, ते मी सांगितलं, आणि अख्ख्या दुकानात अशी हळहळ पसरली की शेजारच्या खुर्चीवरचा फेसानं भरलेला माणूस 'च्च' म्हणाला आणि त्याच्या तोंडात फेस गेला. मग मामांनी त्यांच्या एका मुक्कामी गाडीची गोष्ट काढली, गगनबावड्याकडं कुठंतरी पावसात झाड पडलेलं, दोन दिवस गाडी अडकली आणि घरी मामी लहान पोरासह एकट्या, फोन कुठं त्या काळात, तिसऱ्या दिवशी हे पोचले तर मामींनी दारच उघडलं नाही. "आतनं लिंपून घेटल्यागत," मामा म्हणाले. दुकान असलं हसलं. आणि माझ्या कल्ल्यावर वस्तरा धरलेलं ते पोरगं पण हसलं. खर्रर्र.

मी आरशात बघितलं. त्यानं पण बघितलं. मग शांतपणे डाव्या बाजूला जाऊन काम सुरू, जसं काय झालंच नाही. मी म्हटलं अरे हे वर गेलं की. तर म्हणतो, "सर, डावा पण तेवढाच घेतला तर टोपी घातल्यागत दिसंल. राहू दे, वाढतंय."

आणि मामा थांबायला तयार नाहीत. "गवा बगायचा तर दाजीपूर काय वाईट हाय? कर्नाटकात कशाला?" आता हे बरोबर आहे, दाजीपूरचं अभयारण्य १९५८ चं, राज्यातलं सगळ्यात जुनं, आपल्या राधानगरीच्या जंगलाचं नाव २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि आपण तिकडं जातो कधी, तर धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की पाण्यासोबत सेल्फी काढायला. पण तिथं आम्ही चारदा जाऊन आलोय. चारही वेळा सोबत कुणीतरी होतं, आणि त्या कुणालातरी दुपारी चारला घरी परतायचं होतं.

खरं सांगायचं तर मला रागच येतो. कुठल्याही डोंगरावर जा, पॉईंट. सनसेट पॉईंट, इको पॉईंट, सुसाइड पॉईंट. गाडीतनं उतरायचं, रेलिंगला टेकायचं, ओरडायचं, मक्याचं कणीस खायचं, गाडीत बसायचं. जुलैत रविवारी आंबोलीच्या धबधब्याला एकदा जाऊन बघा. गाडीची दारं उघडी टाकून स्पीकर, पायऱ्यांवर फुटक्या बाटल्या, माकडांच्या हातात वेफर्सची पाकिटं, आणि बेडूक बघायला आलेली आमची पोरगी कानावर हात ठेवून उभी. दहा वर्षांची होती तेव्हा. 'बाबा, बेडूक कुठायत?' मी काय सांगणार, बेडूक पण गाणं ऐकतायत?

असो. मी पैसे द्यायला उठलो तर मामांनी बाकावर टकटक केलं, बसा म्हणून. बसलो. एसटीतल्या माणसानं बसा म्हटलं की आपण बसतोच.

"माजं ऐका. मुक्कामी गाडीला आमी तीनच गोष्टी बगायचो. पानी हाय का. डास किती. आनि सकाळी पयली गाडी त्याच जाग्यावरनं सुटती का, का चालत लांब जावं लागतंय. बाकी कायबी असूंदे. तुमचं जंगल सकाळी कदी सुरू होतंय?"

"सहाला. उजाडतानाच पक्षी असतात."

"आनि दांडेलीत तुमी झोपनार कुटं?"

"गावात. लॉज बघितलंय एक."

"गावातनं जंगल?"

मी गप्प बसलो. दांडेली म्हणजे कागदाच्या गिरणीचं गाव, बाजार, स्टँड, सगळं. मला हवे होते ते पक्षी पुढं गणेशगुडीला, सुपा धरणापाशी, तिथनं वीस-पंचवीस किलोमीटरवर. म्हणजे रोज पाचला उठा, झोपेतल्या पोरीला गाडीत घाला, जा, परत या. चार दिवस. म्हणजे साडूचंच पॅकेज, फक्त गोल गोल.

"मग गाडी सुटती तितं झोपा की," मामा म्हणाले. "डेपो सोडून स्टँडवर कशाला झोपताय?"

सहा आठवडे मी तो कागद घेऊन फिरतोय. किलोमीटर काढले, पाऊस काढला, रेटिंगं वाचली, आणि अंथरुणापासून झाडापर्यंत किती चालायचं हा एक प्रश्न मला पडला नाही. तो एका टकल्या माणसानं दोन मिनिटांत विचारला, तेही सगळ्या दुकानासमोर, माझा एक कल्ला गेलेला असताना. कल्ल्याचं मी विसरेन एकवेळ, हे नाही विसरणार. वर त्यांनी डबल बेल दिल्यासारखं दोनदा चुटकी वाजवली, "चला, हुंदे!" आणि पेपर तोंडापुढं धरला. पोरानं पैसे पूर्ण घेतले.

घरी येऊन गणेशगुडीला एका घरगुती राहण्याच्या ठिकाणी फोन लावला. पलीकडं माणूस मराठीच बोलत होता, जरा कोकणीच्या अंगानं.

"चार नाइट? एकाच ठिकाणी? सर, दोन नाइटमध्ये सगळं होतं. राफ्टिंग, सायक्स पॉईंट... तिसऱ्या दिवशी गोकर्ण करा."

मी म्हटलं गोकर्ण नको. अंगणातनं झाडं किती लांब?

"अंगणातच आहेत की. पाणी ठेवतो आम्ही, सकाळी पक्षी तिथंच येतात. फ्रॉगमाउथ पक्ष्याची पण एक जोडी असते मागच्या बाजूला, दिवसभर हालत नाही, वाळल्या पानासारखी बसून असते."

बायकोनं माझ्याकडं बघितलं, मी बायकोकडं बघितलं. म्हटलं, चार रात्री लिहून घ्या. आणि अंगणात बसायला काय आहे?

"प्लास्टिकची खुर्ची आहे ना."

"तीन मिळतील?"

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाला, "तीन आहेत. पण एकीचा पाय मोडलाय सर."