गोळ्या फेकू नका, मारबत आहे ना!

प्रत्येक घरात औषधांचा एक डबा असतो. आमचा निळा, पत्र्याचा, बटर कुकीजचा आहे. कुकीज कुणी खाल्ल्या हे आता कुणालाच आठवत नाही. तुमच्याकडे नसेल तर आजच आणा. औषध ही फेकायची वस्तू नाही, साठवायची आहे. डॉक्टरांनी पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या गोळ्या थेट डब्यात. ‘कोर्स पूर्ण करा’ असं डॉक्टर म्हणतातच, त्यांचं काय जातं? आपण जंतूंना अर्धवट चोप देऊन, शहाणं करून सोडावं. पुढच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांना ताप आला की याच चार गोळ्या घेऊन आपण देवदूतासारखे त्यांच्या दारात हजर.

डबा फ्रीजच्या डोक्यावर ठेवावा, नाहीतर गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर. पाकिटावर ‘२५ अंशांखाली ठेवावे’ असं छापलेलं असतं. छापणारा मे महिन्यात नागपूरला आलेला दिसत नाही. पारा ४५ च्या वर गेला की गोळीलाही कळू द्या, आपण कोणत्या गावात नांदायला आलोय ते.

गोळ्यांचा पत्ता कात्रीने कापताना तारखेची बाजू आधी संपवावी. हे शास्त्र मी आईकडून शिकलो. तारीख नाही म्हणजे वय नाही, आणि वय नाही म्हणजे गोळी अमर. परवा डबा उपसला तर तळाशी एक गुलाबी सिरप निघालं. झाकणाभोवती साखरेचे खडे जमलेले, आत खाली गुलाबी साका आणि वर पाणी. लेबलवर मेडिकलवाल्याने पेनाने लिहिलेलं भाच्याचं नाव. भाचा यंदा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पाणी घालून कालवलेलं असलं अँटिबायोटिक सिरप आठवडाभरात संपवायचं असतं म्हणे, आणि डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून महिनाभरात. आमच्याकडे थेंबांची बाटली आहे, ती कुणाच्या डोळ्यांसाठी आणली होती यावर घरात दोन तट आहेत.

“फेकू का गं?” मी विचारलं.

“राहू दे ना. गोळ्यांचा पत्ता तर अख्खा आहे.”

“आई, २०१९ लिहिलंय त्यावर.”

“लिहिणाऱ्याचं काय जाते बाप्पा? त्याला नवा माल खपवायचा आहे.”

तरीही तुमच्या घरात कुणी टोकाला गेलंच आणि फेकायचं ठरलं, तर कमोड आहे. सगळं ओता आणि साखळी ओढा. गोळी तिथून नाग नदीत, नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत, पुढे गोसीखुर्द धरण. एका बटणात तीर्थयात्रा! सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प औषधांचे रेणू गाळायला बांधलेले नसतात, त्यामुळे वाटेत कुणी अडवतही नाही. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक त्यांच्या मढ्यांतून खाऊन गिधाडं मेली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली हे खरं. पण माशांनी अजून कुठे अर्ज दिलाय? शिवाय केंद्रीय औषध नियंत्रकांच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत फ्लश करायच्या औषधांची यादीच आहे. ती फक्त १७ औषधांची आहे, ट्रॅमाडॉल, डायझेपाम, फेंटानिल अशी, जी चुकून दुसऱ्याच्या पोटात गेली तर एका डोसात जीव जाऊ शकतो. पण इतकं कोण वाचतं? आपण ‘फ्लश करा’ एवढंच वाचायचं आणि बीपीच्या गोळ्या सोडून मोकळं व्हायचं.

कमोड तुंबलेला असेल तर कचरागाडी. पत्ता अखंड टाका, बाटली सीलबंद टाका, म्हणजे भांडेवाडीच्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यात ज्याला सापडेल त्याला पुन्हा विकता येईल. काही चिकित्सक लोक गोळ्या पत्त्यातून सोडवतात, वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत कालवतात, पिशवीत घट्ट बांधतात, लेबलवरचं नाव खोडतात, इन्सुलिनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या डब्यात बंद करतात. एवढा सोपस्कार आपण जावयाचाही करत नाही. मुदत संपलेली औषधं ‘घरगुती घातक कचरा’ म्हणून वेगळी द्या, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनीच सांगितलं होतं. ओला आणि सुका यांतच आमचं घर अजून अडकलंय. आंब्याची कोय कशात, यावर जेवण थांबतं.

दानधर्माचा मार्ग मात्र मी स्वतः करून पाहिला. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली दिली, जवळजवळ भरलेली. त्यांनी ती उजेडाकडे धरली, फिरवली, बुडाशी छापलेलं वाचलं आणि ओट्यावर परत ठेवली. “याची तारीख गेली ना जी, दादा.” आमच्या घरात तारीख वाचणारं पहिलं माणूस.

कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये विचारलं, जुनी औषधं घेता का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं जणू मी उष्टं ताट परत करतोय. केरळात २०२५ पासून एनप्राउड नावाने सरकारच घरोघरची जुनी औषधं गोळा करायला लागलंय, कोझिकोडपासून सुरुवात झाली. पण केरळचं कौतुक आपल्याला कशाला? आपल्याकडे मारबत आहे. मारबत म्हणजे वाईटाचा पुतळा. १८८१ पासून नागपुरात काळ्या मारबतीची मिरवणूक निघते, पाठोपाठ पिवळीही आली, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं शहर ओरडतं, “रोगराई घेऊन जा गे मारबत!” रोगराई जात असेल तर सोबत तिची औषधंही जावीत, हा साधा हिशेब. शेवटी मारबत जाळतात आणि औषधं उघड्यावर जाळली की विषारी धूर होतो, पण त्या गर्दीत धूर कुणाचा हे कोण शोधतंय?

तर मी निळा डबा घेऊन निघालो. फाटकापर्यंत पोचलो तोच आई मागून आली.

“थांब रे. त्यातल्या तापाच्या गोळ्या काढून दे. थंडीत लागतील.”