आशाताईंनी आणलेली संमती: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गावपातळीवरच्या रक्तक्षय (अ‍ॅनिमिया) पाहण्यांवरील लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आशाताईंमार्फत घेतलेली संमती खरी संमती नसते आणि पाहणीआधी गावाला विचारायला हवं, असं मी त्यात म्हटलं होतं. तुमचे मुख्य आक्षेप दोन. एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) मंजुरी आहे, प्रत्येकीची सही किंवा अंगठा आहे, मग अन्याय कुठे झाला? आणि गावाला विचारत बसलं तर नमुना घटतो, खर्च वाढतो, शास्त्र पातळ होतं.

पहिल्याचं उत्तर अंगठा कोणासमोर घेतला, यात आहे. घरं ठाऊक असतात म्हणून पथकाला आशाताईच घरोघरी नेतात. पण गरोदरपणाची नोंद, जननी सुरक्षेचे पैसे, बाळाची लस, सगळं त्याच ताईंच्या मार्फत होतं. त्यांनी ‘इथं अंगठा दे’ म्हटल्यावर नाही म्हणणं बाईला परवडत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं निरक्षर व्यक्तीच्या संमतीसाठी निःपक्ष, लिहिता-वाचता येणारा साक्षीदार मागतात. पाहणीत माणशी मोबदला मिळणाऱ्या ताई त्यात बसत नाहीत. त्यांनी घर दाखवावं, ओळख करून द्यावी आणि निघून जावं. साक्षीदार गावातला शिकलेला हवा, प्रकल्पाचा पैसा न घेणारा.

माहितीपत्रक वाचून झालं की बाईला तीन गोष्टी तिच्या शब्दांत सांगायला लावायच्या: रक्त कशाला घेणार, नको म्हटलं तर रेशन किंवा लस बंद होणार का, निकाल कधी कळणार. चुकलं तर पुन्हा समजवायचं. दुसऱ्यांदाही चुकलं तर तिला पाहणीत घ्यायचं नाही. गावात शंभरातल्या शंभरही जणींनी होकार दिला, तर मला त्या आकड्याचा आनंद होत नाही, काळजी वाटते.

२००९ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणाऱ्या) लसीच्या प्रकल्पात आदिवासी मुलींच्या कित्येक संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. काही मुलींच्या मृत्यूनंतर २०१०मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. मृत्यूंचा लसीशी संबंध बहुधा नसावा, असं चौकशीत पुढे आलं. पण ज्या आईबापांना कोणी विचारलंच नव्हतं, त्यांनी त्या चौकशीवर विश्वास का ठेवावा?

आता शास्त्र पातळ होण्याबद्दल. ते गावाला न विचारल्यानेच जास्त होतं. बीडसारख्या जिल्ह्यात दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. इकडे निधी ३१ मार्चच्या आत संपवायचा, म्हणून पाहणी जानेवारीत. यादीतल्या घराला कुलूप दिसलं की शेजारचं उघडं घर घेतात. नमुन्याची संख्या भरते, पण गरोदरपणातही उसाच्या मोळ्या वाहणारी बाई त्यातून गळते. रक्तक्षयाच्या पाहणीतून तीच गळाली तर टक्केवारी कशाची काढली? बचतगटाच्या बायका आणि मजुरांच्या टोळ्या नेणारे मुकादम यांच्याबरोबर तारखा ठरवण्याआधी एक बैठक घेतली तरी कळतं, की पाहणी पावसाळ्यात हवी किंवा कारखान्यावरच्या कोपींपर्यंत (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांपर्यंत) जायला हवं. वेळ सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतर. आणि ग्रामपंचायतीच्या यादीवर विसंबू नका. तांडा, पालं, शेतातली वस्ती त्यात बरेचदा नसते. पायी फिरून नकाशा करावा लागतो.

गावाच्या सहभागाने शास्त्र बिघडत नाही, याचा पुरावा गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या प्रयोगात ३९ गावांत गावातल्याच स्त्रिया आरोग्यदूत झाल्या. त्यांनी घरोघरी नोंदी ठेवल्या, नवजात बाळांच्या जंतुसंसर्गावर घरीच इंजेक्शनं दिली. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला, निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११पासून आशांमार्फत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याची सेवा देशभर सुरू झाली.

खर्च वाढतो, हे मात्र खरं. म्हणून तो निधीच्या अर्जातच मागायचा. अर्ध्या दिवसाची बुडालेली मजुरी भरून देणं हे आमिष नव्हे. आयसीएमआरची तत्त्वं त्याला परवानगी देतात. हिमोग्लोबिनचा आकडा तिथल्या तिथे कार्डावर लिहून बाईच्या हातात द्यायचा. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११च्या खाली असेल तर गोळ्या, आणि ७च्या खाली असेल तर त्याच दिवशी रुग्णालय. गाडीचे पैसे प्रकल्पाचे. ही तरतूद नसेल तर तिच्या बोटाला सुई लावू नये. घाईत बोट पिळून थेंब काढला तर ऊतींमधला द्रव मिसळून आकडा चुकतो, म्हणून पहिला थेंब पुसायचा आणि बोट दाबायचं नाही. पथकाला दिवसाला घरांचं टार्गेट दिलं की पहिली काट इथेच बसते.

‘निकाल गावाला कळत नाहीत, मग ते सांगायला गावात सभा कशाला’ असंही तुम्ही विचारलंत. ‘दहातल्या किती जणी’ असं सांगितलं तर कळतात. सभा शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता घ्यावी. फक्त वस्तीवार आकडे तिथे वाचू नयेत. पंधरा घरांच्या तांड्यात तिघींना तीव्र रक्तक्षय आहे म्हटलं, की त्या तिघी कोण हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं.