गल्लीतल्या खोलीत मेटल होत नाही म्हणे!

घरच्या घरी मेटल, म्हणजे हेवी मेटल संगीतातली गिटार रेकॉर्ड करण्यावरच्या माझ्या लेखाखाली ‘ओव्हरड्राइव्ह’ या टोपणनावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. मी ती उडवलेली नाही, आहे तशी ठेवली आहे. सार असं: गेन (गिटारचा आवाज किती फाटवायचा ते) कमी ठेवा हा माझा सल्ला चुकीचा, मिड्स (मधल्या पट्टीतला आवाज) कापायला हवेत, मी उलट वाढवायला सांगतो, नमुना क्लिपमध्ये मागे घरघर आहे, डाव्या-उजव्या गिटारी काही ठिकाणी एकत्र पडत नाहीत. आणि शेवटी हे: “गल्लीतल्या खोलीत लॅपटॉपवर मेटल होत नसतं, आधी खरा ट्यूब ॲम्प फुल्ल आवाजात वाजवून बघा आणि मग लोकांना अक्कल शिकवा.”

साहेब, वेळ काढून लिहिलंत, आभार. मुद्द्यांकडे येतोच. पण ‘अक्कल शिकवा’ हे काय आहे? मला सगळं कळतं असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही. पहिल्याच परिच्छेदात ‘माझ्या खोलीत, माझ्या सामानावर जे चाललं ते सांगतो’ असं लिहिलंय. तो वाचायचा राहिला असेल तर समजू शकतो, मोठा होता. मतभेद असावेत की, त्याशिवाय गंमत नाही. पण अनोळखी माणसाच्या घरात चपला न काढता शिरून ओरडायचं ही रीत कुठली? आमच्याकडे बेळगावात भांडायचं असलं तरी आधी ‘या, बसा’ म्हणतात. (बेळगाव म्हटलं की काही जण दुसऱ्याच वादात शिरतात. तो इथे नको. इथे फक्त गिटार.)

आता तो खरा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर. मी तो बघितलेलाच नाही हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत.

मी बेळगावातल्या वडगावचा. आमच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग. कॉलेजात असताना आम्ही चौघांनी पैसे काढून गोव्याहून एक सेकंडहँड ट्यूब हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आणि चार स्पीकरचं कॅबिनेट टेम्पोत घालून आणलं. चोर्ला घाटातून येताना ड्रमर मागे कॅबिनेटला मिठी मारून बसला होता. ठेवायला जागा कुठली, तर काकांचं सुताचं गोदाम. तिथे तुमचा तो ‘फुल्ल आवाज’ आम्ही केला. पोटात बसतो तो आवाज, खोटं कशाला बोलू. पण माईकमध्ये काय आलं? छपराच्या पत्र्याची थरथर. रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा गिटारचा तुकडा) थांबली तरी पत्रा थांबत नव्हता. मग सुताच्या गासड्या कॅबिनेटभोवती रचल्या, माईक जाळीला टेकवला. स्पीकरच्या कागदी शंकूच्या बरोबर मध्यावर धरला की कानात सुई टोचावी तसा आवाज, दोन बोटं कडेला सरकवला की तोच आवाज गोल आणि जाड. असा माईक सरकवत बसायचं आणि माग बंद व्हायची वाट बघायची. माग बंद कधी? करंट गेला की. आणि करंट गेला की ॲम्पही बंद! शेजारच्या आजी त्या काळात आम्हाला कन्नडमध्ये काय म्हणायच्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हा ‘वाजवून बघा’ हे मला सांगू नका. वाजवून, ऐकून, शिव्या खाऊन झालंय.

आणि फुल्ल आवाजाचंच म्हणाल तर त्यात एक फसवणूक आहे. आवाज मोठा असला की आपल्या कानाला बास आणि ट्रेबल जास्त भरलेले वाटतात. हे माझं मत नाही, बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये ते मोजून दाखवलंय. त्यामुळे गोदामात एकट्याने, मिड्स कापून, छाती हादरेपर्यंत वाजवलं की वाटतं बस्स, हाच आवाज. तोच घरी हळू आवाजात, खाली बास गिटार आणि ड्रम्स घालून ऐका. गिटार गायब. खालची जागा किक आणि बासने घेतलेली, वरची झांजांनी. गिटारला उरतात मिड्स, आणि तुम्ही मला तेच कापायला सांगताय.

‘लॅपटॉपवर मेटल होत नसतं’ याला काय उत्तर द्यायचं? ऑक्टोबर २०११ मध्ये बंगळूरच्या पॅलेस ग्राउंडवर मेटालिका ही मेटल बँड आली, तेव्हा रात्रीची बस धरून गेलेल्यांत मी होतो. तुम्ही होतात का, ते तुम्हाला माहीत. त्याच मेटालिकाने डिसेंबर २०१३ मध्ये अंटार्क्टिकावर, अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर कार्यक्रम केला. तिथल्या पर्यावरणाला त्रास नको म्हणून स्टेजवर ॲम्पच्या भिंती नव्हत्या. गिटारी डिजिटल प्रोसेसरमधून, श्रोत्यांच्या कानाला हेडफोन. त्यांनाही कळवा, मेटल झालं नाही म्हणून.

आणि गल्लीचं म्हणाल, तर ब्लॅक सबाथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी कुठल्या राजवाड्यातून आला होता? बर्मिंगहॅमच्या कारखान्यात पत्रा कापताना दोन बोटांची टोकं गेली, तर त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्याही सैल सोडल्या. ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम १९६९ मध्ये जवळजवळ एका दिवसात रेकॉर्ड झाला. तुम्ही तिथे असतात तर त्यालाही ‘आधी सामान घे’ म्हणाला असतात.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, उगाच हट्ट नको. कॅबिनेटऐवजी आपण लॅपटॉपवर जो आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, कॅबिनेटच्या आवाजाची मोजून घेतलेली फाइल) वापरतो, त्यात स्पीकर, माईक आणि खोली यांचा ठसा येतो. पण स्पीकर जोरात ताणला गेल्यावर त्याचा कागद स्वतःच जो थोडा फाटल्यासारखा बोलतो, तो येत नाही. लेखात याबद्दल एक ओळ टाकतो. मिक्समध्ये ते कुणाला ऐकू येईल असं मला वाटत नाही, पण तुम्हाला येत असेल तर चांगलंच आहे.

बाकीचं थोडक्यात.

गेन. एकट्या गिटारला कमी वाटतो तेवढाच ठेवायचा. त्याच रिफचे दोन वेगळे टेक (दोनदा वाजवून केलेली रेकॉर्डिंग) डावी-उजवीकडे टाकले की मिळून जाडी येते. गेन जास्त झाला की सगळं दाबलं जातं आणि पाम म्यूटचा (तळहाताने तारा दाबून वाजवण्याचा) ‘धक्’ जाऊन ‘भुर्र’ उरतं. ॲम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल लावा, ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर. तो सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचं कमी डिस्टॉर्ट करतो, म्हणून खालची तार घट्ट ऐकू येते. ज्या पेडलच्या जातीवरून तुम्ही टोपणनाव घेतलंय, त्याबद्दलच मला सांगावं लागतंय.

घरघर. त्या दिवशी करंट नव्हता, खोली इन्व्हर्टरवर होती, आणि आमचा इन्व्हर्टर साधा, स्क्वेअर वेव्हचा. तो गिटारच्या पिकअपमध्ये उतरतो. चार्जर काढून लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालवला, इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी) यूएसबीवरच ठेवला आणि खुर्ची हळूहळू फिरवत गेलं की एका दिशेला घरघर जवळजवळ बसते. ड्राय ट्रॅक (ॲम्प आणि इफेक्टशिवाय नुसत्या गिटारचं रेकॉर्डिंग) घ्यायला ही वेळ उलट सोन्यासारखी, कारण माग बंद असतात. क्लिपमध्ये थोडी राहिली, राहू दे. ती आवाज समजावण्यासाठी होती, विकण्यासाठी नव्हती.

गिटारी एकत्र पडत नाहीत. अहो, दोन वेळा वाजवल्यात म्हणूनच त्या दोन वाटतात! एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मधोमध येऊन नुसता मोठा होतो. त्याला थोडा उशीर देऊन रुंद करणारे आहेत, पण फोनच्या एका स्पीकरवर तो ऐका, बादलीत तोंड घालून वाजवल्यासारखा येतो. तिसऱ्या रिफजवळ तुम्ही मिनिट-सेकंद लिहून दिलेत, एवढं बारकाईने ऐकल्याबद्दल धन्यवाद. माझ्या कानाला ते खटकलं नाही.

त्या क्लिपचे दोन्ही ड्राय ट्रॅक लेखाखाली ठेवतोय, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, कुठलाही इफेक्ट नाही. तुमच्या खऱ्या ॲम्पमधून रीॲम्प करून, म्हणजे ते ट्रॅक त्यातून वाजवून पुन्हा रेकॉर्ड करून पाठवा, फुल्ल आवाजात. माझ्या मिक्सशेजारी तो लावीन, कुठला कोणाचा ते न सांगता, आणि वाचक ऐकतील. माईक कुठला आणि कुठे धरलात तेवढं लिहा. आणि पुढच्या वेळी खरं नाव लिहिलंत तरी चालेल.