कानाला फाइलचा प्रकार कळत नाही

'म्युझिक प्लेयर घेताय? थांबा, आधी हे वाचा!' अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. प्रत्येक मुद्द्यापुढे लाल उद्गारचिन्ह आणि शेवटी 'एका ज्येष्ठ साउंड इंजिनिअरकडून'. इंजिनिअरचं नाव अर्थातच नाही. एरवी असलं काही आलं की मी न वाचता पुसून टाकते. पण परवा भाचीच्या इयरफोनमधलं गाणं मला समोर बसून शब्दन् शब्द ऐकू येत होतं, म्हणून म्हटलं, आवाज कमी कर. तर ती अगदी शांतपणे म्हणाली, "मावशी, फ्लॅक आहे गं. लॉसलेसने कानाला काही होत नाही." (फ्लॅक हा गाणं साठवायचा फाइल-प्रकार. तो आवाजातलं काहीही कापत नाही, म्हणून लॉसलेस; एमपी३ जागा वाचवायला कापतो.) कानाला काही होत नाही, हे ज्ञान तिला याच मेसेजातून मिळालेलं. आणि मेसेज पाठवला कोणी, तर तिच्याच बाबांनी. भाऊजींनी तो वाचून स्वतःही एक पराक्रम केलाय, त्याकडे नंतर येते.

आधी तो मुद्दा, जसाच्या तसा: 'एमपी३ मध्ये आवाजाचे तुकडे कापलेले असतात. ते भरून काढताना मेंदूवर व कानाच्या नसांवर ताण येतो आणि बहिरेपणा येतो. लॉसलेसमध्ये लहर अखंड असते, म्हणून ती कितीही वेळ, कितीही मोठ्याने ऐकली तरी कान सुरक्षित!'

यातलं पहिलं वाक्य खरं आहे. एमपी३ कापाकापी करतो, ते त्याचं कामच आहे. पण कापतो काय? मोठ्या आवाजाच्या आड दडलेले, आपल्याला तसेही ऐकू न येणारे बारीक आवाज. मेंदू काही भरत बसत नाही. बिट-रेट, म्हणजे सेकंदाला साठवायची माहिती, फारच कमी ठेवला तर झांजा पाण्यात वाजल्यासारख्या येतात, टाळ्यांचा खळखळाट होतो. ते वाईट वाजतं, पण त्याने इजा होत नाही.

इजा दोनच गोष्टींनी होते: आवाज किती मोठा आणि किती वेळ. आतल्या कानात, शंखासारख्या वळणदार नळीत, सुमारे १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. आवाजाचा दाब कानाच्या पडद्यावर येतो तेव्हा तो फ्लॅकमधून आलाय की एमपी३मधून, हे त्या पेशींना कळायला काही मार्ग नाही. एकाच गाण्याच्या दोन्ही फाइल एकाच व्हॉल्यूमला लावा, कानावर पडणारा जोर तोच असतो. काटेकोर हिशोबच करायचा तर लॉसलेसमध्ये तो केसभर जास्त भरेल, कारण त्यातलं काही कापलेलं नाही. म्हणजे ज्येष्ठ साउंड इंजिनिअर बरोब्बर उलट्या दिशेला निघालेत.

किती मोठा आवाज म्हणजे जास्त, याचं उत्तर जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये जाहीर केलेल्या मानकात आहे. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबलने ४० तास. लहान मुलांसाठी ७५ डेसिबलने ४० तास. आणि लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढे आहे: दर ३ डेसिबलला मुदत निम्मी होते. ८० ला ४० तास, ८३ ला २०, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच. ९५ ला गेलात तर सव्वा तासात आख्ख्या आठवड्याचा कोटा संपला. १०० ला साधारण २४ मिनिटं. मुलांच्या मर्यादेने मोजलं तर १०० डेसिबलला सात-आठ मिनिटं, म्हणजे दोन गाणी. त्यानंतर सात दिवस कान झाकून बसायचं का?

हे १०० डेसिबल मी हवेतून काढलेले नाहीत. युरोपात विकल्या जाणाऱ्या प्लेयरना, सोबत येणाऱ्या इयरफोनसह, कमाल मर्यादाच १०० ची आहे. ८५ च्या वर गेलं की प्लेयरने इशारा द्यायचा, वापरणाऱ्याने तो मान्य करायचा आणि २० तास ऐकून झालं की पुन्हा विचारायचं. ही मर्यादा कानावर पडणाऱ्या आवाजाला आहे. फाइल लॉसलेस असेल तर सूट, असं त्यात कुठेही नाही.

गाणी बंद केल्यावर कानाला दडे बसल्यासारखं वाटतं किंवा बारीक शीळ ऐकू येते, ती कानाने दिलेली तक्रार आहे. सकाळपर्यंत जाते म्हणून आपण ती विसरतो. हे पुन्हापुन्हा होत राहिलं की एक दिवस ती शीळ जात नाही. प्लेयरवर डेसिबलचा आकडा सहसा दिसत नसल्यामुळे निदान एवढं करावं: शांत खोलीत पुरेसा वाटेल तिथे आवाज ठेवा आणि व्हॉल्यूमचा तो आकडा लक्षात ठेवा. गोंगाटात गेल्यावर तो वाढवू नका. त्याऐवजी कानात नीट घट्ट बसणारे रबरी टिप वापरा, म्हणजे बाहेरचा आवाज कमी होतो. सेटिंगमध्ये व्हॉल्यूम लिमिट असतं ते लावा. सगळी गाणी सारख्याच आवाजात वाजवणारी रिप्लेगेन नावाची सोय असेल तर तीही चालू करा. एक गाणं हळू आणि पुढचं कानठळ्या बसवणारं, असं होत नाही.

आता भाऊजी. मेसेजातला दुसरा मुद्दा: 'जुनी एमपी३ गाणी फ्लॅकमध्ये कन्व्हर्ट करा, हरवलेला दर्जा परत येईल.' भाऊजींनी सगळा संग्रह एका रात्रीत फ्लॅक केला आणि 'डुप्लिकेट कशाला' म्हणून मूळ एमपी३ पुसून टाकल्या. झेरॉक्सला लॅमिनेट केलं म्हणून ती मूळ कागद होत नाही, हे ज्या माणसाला ऑफिसात पक्कं ठाऊक आहे, त्याने घरी हे करावं!

एमपी३ बनवताना जे फेकलं गेलं ते फाइलमध्ये कुठेही नसतं. फ्लॅक फक्त हातात असलेलं जपतो. १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) चार मिनिटांची फाइल जेमतेम ४ एमबीची. तिची फ्लॅक झाली की ती कित्येक पट फुगते आणि वाजते तितकीच. पटत नसेल तर स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फाइल उघडून वारंवारतांचा आलेख बघा. १२८ च्या एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर काळोख दिसतो. कन्व्हर्ट केलेल्या फ्लॅकमध्येही तो तिथेच, तसाच. विकत घेतलेली 'लॉसलेस' फाइल खरी आहे का, याचा अंदाज घ्यायलाही हाच आलेख उपयोगी पडतो. भाऊजींची पंचाईत अशी, की जागा वाचवायला आता पुन्हा एमपी३ करायच्या म्हटल्या तर कापाकापी दुसऱ्यांदा होणार. बसलेत फुगलेल्या फाइली सांभाळत.

तिसरा मुद्दा, '१९२ किलोहर्ट्झ २४ बिट नसलेला प्लेयर घेऊच नका, सीडीचा दर्जा कालबाह्य झाला.' १९२ किलोहर्ट्झ म्हणजे आवाजाचे सेकंदाला १,९२,००० नमुने, आणि २४ बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला ते. सीडी म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट. त्यातून नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर पूर्ण पकडले जातात. माणसाचा कान तरुणपणी फार तर २० पर्यंत जातो आणि वय वाढेल तसा खाली येतो. १६ बिटात सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. मग कालबाह्य नेमकं काय झालं?

इथे एकच दाखला देते, पण तो नीट वाचा. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये एक चाचणी छापली. हाय-रिझोल्यूशन, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाची डिस्क वाजवायची, आणि मध्येच तो आवाज सीडीच्या दर्जातून गाळून द्यायचा. कधी गाळलाय हे ऐकणाऱ्याला माहीत नाही, घेणाऱ्यालाही नाही. ऐकणाऱ्यांत रेकॉर्डिंगवाले होते, उत्तम यंत्रणा बाळगणारे शौकीन होते. एकूण ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. म्हणजे ४९.८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी एवढंच जमलं असतं. फरक कळला तो फक्त गाणं थांबलेल्या शांततेत व्हॉल्यूम अवाच्या सवा वाढवल्यावर, बारीक सूं-सूं ऐकू आली तेव्हा.

या चाचणीवर आक्षेप घेतले गेलेत, हे मान्य. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ राइस यांनी १८ प्रयोगांची गोळाबेरीज केली, तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं, आणि कान तयार केलेल्या लोकांत त्याहून बरंच जास्त. म्हणजे फरक अगदी शून्य आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण नाण्याच्या पन्नास टक्क्यांऐवजी बावन्न, हा फरक 'घेऊच नका' म्हणण्याइतका नसतो. मेयर आणि मोरान यांनीच आणखी एक गोष्ट नोंदवली होती: त्या महागड्या डिस्क बहुतेक सीडींपेक्षा खरोखर छान वाजत होत्या, कारण त्यांचं मास्टरिंग, म्हणजे रेकॉर्डिंगवरून फिरवलेला शेवटचा हात, जास्त जीव लावून केलं होतं. तेव्हा 'हाय-रेझ ऐकलं आणि थक्क झालो' म्हणणारे खोटं बोलत नसतात, श्रेय भलत्याला देत असतात. स्वतः तपासायचं असेल तर फूबार२००० या संगणकावरच्या प्लेयरमध्ये अशा आंधळ्या चाचणीची सोय आहे. एकाच मास्टरच्या दोन फाइल घ्या आणि दोन्हींचा आवाज अगदी समान करा, कारण केसभर मोठं वाजणारं आपल्याला नेहमीच 'चांगलं' वाटतं.

गंमत म्हणजे १९२ किलोहर्ट्झचा आग्रह धरणारा हाच मेसेज दोन ओळींनी 'सोबत कोणताही ब्लूटूथ इयरफोन चालेल' असंही सांगतो. ब्लूटूथवर जाताना बहुतेक वेळा आवाज पुन्हा कापूनच पाठवला जातो. ब्लूटूथवर आवाज पाठवायच्या एलडॅक या पद्धतीची वरची मर्यादा ९९० केबीपीएस, आणि नुसत्या सीडीला १,४११ लागतात. १९२/२४ ला ९,२१६. करा हिशोब.

'फोनमधलं संगीत म्हणजे कचरा, वेगळा प्लेयर हवाच' यात मात्र थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. आवाजाच्या दर्जासाठी नव्हे. अँड्रॉइड फोन बराच काळ सगळंच ४८ किलोहर्ट्झला बदलून वाजवत आले, पण ते ऐकून ओळखणारा मला तरी भेटायचाय. आणि फोनला लावायचं साधं डोंगलही आज बहुतेक इयरफोनना पुरून उरतं. वेगळा प्लेयर घ्यावा तो खिशात हात घालून न बघता दाबता येणाऱ्या बटणांसाठी, गाण्याच्या मध्ये कोणी फोन करू नये म्हणून, आणि फोनची बॅटरी वाचावी म्हणून. घेताना १९२ च्या सोनेरी स्टिकरऐवजी या गोष्टी पाहाव्यात: दोन ट्रॅकच्या मध्ये खंड पडतो का (मैफिलीचं रेकॉर्डिंग तुकड्यांत असेल तर हा खंड जीव नकोसा करतो), देवनागरी नावं नीट दिसतात की नुसते चौकोन, मोठं कार्ड घातल्यावर यादी तयार व्हायला किती वेळ लागतो, आणि हेडफोनचा विद्युत रोध (ओहममध्ये दिलेला) प्लेयरच्या आउटपुट रोधाच्या निदान आठपट आहे का. हे शेवटचं जमलं नाही तर काही इयरफोनचा खर्जच बदलतो. नाजूक इयरफोनला जास्त ताकदीच्या प्लेयरवर मागे सतत सळसळ ऐकू येते, तेव्हा जास्त मिलिवॅट म्हणजे जास्त चांगला, हेही खरं नाही.

उरलेले मुद्दे. 'पहिले २०० तास फुल व्हॉल्यूमवर वाजत ठेवा, मग आवाज खुलतो.' हेडफोनच्या पडद्यात सुरुवातीला किंचित फरक पडत असेल, पण प्लेयरमधल्या चिपला पडदाच नसतो. दोनशे तासांत खुलतात ते आपले कान, सवयीने. आणि वस्तू परत करायची मुदत संपते ती वेगळीच. 'पहिलं चार्जिंग १२ तास करा' हा निकेल बॅटरीच्या काळातला सल्ला आहे. लिथियमला त्याची गरज नाही. उलट प्लेयर महिनोन् महिने ठेवून द्यायचा असेल तर साधारण निम्मा चार्ज करून ठेवा, पार शून्यावर नको.

'महागड्या कार्डमुळे सूर स्वच्छ येतात' हा मुद्दा हसण्यावारी नेला असता, पण २०१५ मध्ये सोनीने खरोखरच 'प्रीमियम साउंड'साठी म्हणून ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड बाजारात आणलं होतं. तेव्हा ही कल्पना या मेसेजवाल्याची नाही एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. कार्डवरचे आकडे एकतर बरोबर वाचले जातात किंवा चुकतात, आणि चुकले की गाणं अडखळतं किंवा खरखरतं, मखमली होत नाही. कार्डाच्या बाबतीत खरी भीती बनावट क्षमतेची असते: वर २५६ जीबी छापलेलं, आत त्याच्या पावपट. खऱ्या क्षमतेपलीकडच्या फाइल लिहिल्यासारख्या दिसतात आणि वाजवायला गेलं की नसतात. म्हणून कार्ड आलं की एफ३ किंवा एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या सॉफ्टवेअरने ते पूर्ण भरून तपासा, पास झालं तरच गाणी टाका. आणि मूळ फाइल दुसरीकडे ठेवा, मेसेजमध्ये काहीही लिहिलं असलं तरी.