रक्त थांबलं म्हणजे हिरडी बरी झाली असं नाही : उदगीरच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तारा लावलेल्या दातांच्या हिरड्या कशा सांभाळाव्यात, या लेखावर तुम्ही चांगलंच झाडलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : हे सगळं पुण्या-मुंबईवाल्यांसाठी लिहिलंय. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं तिथं पाण्याच्या पिचकारीचं मशीन कुणी चालवायचं? लेक लातूरला हॉस्टेलवर आहे. ब्रश लावला की रक्त येतं, म्हणून तुम्ही तिला ब्रश बंद करून तुरटीच्या चुळा भरायला सांगितल्या आणि रक्त थांबलं. सासूबाई जन्मभर मिश्री लावतात, त्यांच्या हिरड्यांतून कधी थेंब आला नाही. शिवाय बोअरच्या पाण्यात आधीच फ्लोराइड असताना फ्लोराइडची पेस्ट कशाला?

पाण्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. 2016 मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या लेकराला वॉटर फ्लॉसर सुचवताना आम्ही विचार करायला हवा होता. ते मशीन नसल्यानं काही अडत नाही. ते अडकलेलं अन्न उडवतं, पण दाताला चिकटलेला मऊ थर ब्रशच्या केसांनी घासूनच निघतो. त्याला एक पेला पाणी पुरतं.

तुरटीचं मात्र मान्य नाही. तुरटी तुरट असते, तिनं हिरडी आक्रसते आणि रक्त तेवढ्यापुरतं कमी होतं. ज्या थरामुळे हिरडी सुजली तो जागच्या जागी राहतो, उलट ब्रश बंद असल्यानं वाढतो. मिश्रीचा प्रकार आणखी फसवा. ती भाजलेली तंबाखूच. निकोटिननं हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे आतून हाड झिजत असलं तरी बाहेर रक्त दिसत नाही. सासूबाईंच्या हिरड्या एकदा तपासून घ्याच. दात हलायला लागेपर्यंत अशा माणसाला काही कळत नाही.

ब्रश थांबवला की काय होतं, हे डेन्मार्कमध्ये 1965 साली दंतसंशोधक ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून पाहिलंय. निरोगी हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. तारा असल्या की हिरडी आणखी सहज सुजते, कारण ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) आणि हिरडी यांच्यामध्ये दाताची जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची पट्टी उरते आणि ब्रश नेमका तिथंच पोचत नाही.

म्हणून रक्त येतं त्याच जागी ब्रश न्यायचा, फक्त पद्धत बदलून. केस मऊ आणि डोकं लहान असलेला ब्रश घ्या. हिरड्या फारच दुखत असतील तर केस अर्धा मिनिट कोमट पाण्यात बुडवून ठेवा. वरच्या दातांना केस वर हिरडीकडे आणि खालच्या दातांना खाली हिरडीकडे, साधारण 45 अंशांत तिरके टेकवा. हिरडी पांढरी पडली तर दाब जास्त झाला. एका वेळी दोन दात घ्या आणि जागच्या जागी दहा बारीक हेलकावे द्या. आडवं खसाखसा घासू नये. मग ब्रॅकेटची वरची बाजू, खालची बाजू आणि शेवटी आतून. तारेखाली इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बाटली घासायच्या ब्रशचं इवलंसं पिल्लू, प्रत्येक ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंना वरून आणि खालून फिरवा. तो धुऊन पुन्हा वापरता येतो. मधली तार वाकली की टाकायचा. आरशात ब्रॅकेटच्या चारही कडा स्वच्छ दिसल्या पाहिजेत. कड पुसट, पिवळसर दिसली तर तिथं थर आहे. पहिले तीन-चार दिवस रक्त येईलच, घाबरून थांबू नका.

कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरल्या तर आराम पडतो. पण त्या ब्रशनंतर लगेच नाही, थोड्या वेळानं, आणि ब्रशऐवजी तर नाहीच.

एक चूक आमची. क्लोरहेक्सिडीनचं, म्हणजे जंतुनाशक, माउथवॉश लिहिलं, पण किती दिवस ते लिहायचं राहिलं. 0.2 टक्केवालं 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा, तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच आणि दोन आठवड्यांच्या वर नाही. जास्त दिवस वापरलं, त्यात वरून चहा, की ब्रॅकेटभोवती तपकिरी डाग बसतात आणि तोंडाची चव जाते. पेस्टनंतर अर्धा तास थांबून घ्यावं, नाहीतर पेस्टमधला फेस करणारा घटक त्याचा परिणाम मारतो.

फ्लोराइडबद्दल. दातांवर जे डाग पडतात ते दात हिरडीच्या आत घडत असताना, लहानपणी, जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेल्यानं. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर ते नसावं, आणि तुमचा बोअर त्याच्या वर असेल तर पिण्याचं पाणी बदलणं हाच उपाय. पण सोळा वर्षांच्या मुलीनं वाटाण्याएवढी पेस्ट लावून थुंकून टाकली तर ते डाग वाढत नाहीत. उलट तारांभोवती जे खडूसारखे पांढरे चट्टे पडतात ते कमी होतात. घासून झाल्यावर फक्त थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही. फ्लोराइड दातावर राहतं आणि पाणीही वाचतं.

आता हुरड्याचं, कारण तो लेखात यायलाच हवा होता. दाणा कोवळा असतो, त्यानं ब्रॅकेट निघत नाही. पण नीट न पाखडलेल्या हुरड्यातलं कूस हिरडीच्या काठाखाली शिरून बसतं आणि दुसऱ्या दिवशी एकाच दाताची हिरडी टम्म फुगते. तिथं काडी किंवा सेफ्टी पिन घालू नका, इंटरडेंटल ब्रश हलक्या हातानं फिरवा. भाकरी चालते, वरणात कुस्करून. कडक पापुद्रा, ऊस, फुटाणे बंद.

तार गालाला घासून जखम होत असेल तर ते वेगळं दुखणं. ब्रॅकेट कापसानं कोरडं करून तारांसाठी मिळणारं मेण हरभऱ्याच्या डाळीएवढं घेऊन त्यावर दाबायचं.

दोन आठवडे असं नीट घासूनही रक्त येत राहिलं, एकाच दाढेभोवती सूज किंवा पू दिसला, किंवा हिरडी वाढून ब्रॅकेटवर चढायला लागली, तर ज्यांनी तारा लावल्या त्यांना पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. दाढेवरची रिंग हिरडीत रुतलेली असू शकते, चिकटवायचं सिमेंट आत उरलेलं असू शकतं. आणि मुलीला फिटसाठी फेनिटॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ते आधी सांगा, त्या गोळ्यांनीही हिरड्या वाढतात. गोळ्या मात्र मनानं बंद करू नका.